रंकाळ्यावर बसून चाच्यांचं ग्राफिक नॉव्हेल कसं काढायचं

कोल्हापूरला समुद्र नाही, मग चाच्यांची गोष्ट कुठनं आणणार, असं आमच्या बाबांनीच सुनावलं. पण भावांनो, मालवणचा सिंधुदुर्ग कोल्हापूर राज्याकडंच होता आणि तिथल्या आरमाराला इंग्रज सरळ चाचे म्हणायचे, शेवटी 1812 च्या तहात मालवण त्यांनी काढूनच घेतलं. म्हणजे विषयावर आपला हक्क आहे की.

आता पहिलं काम. ड्रॉइंगचा कागद बाजूला ठेवा, हिशोबाची वही घ्या. सगळे खजिन्याच्या मागं लागतात, पण खरी मजा वाटणीत असते. 17 व्या शतकात कॅरिबियन समुद्रातले चाचे निघायच्या आधीच करार करायचे आणि त्यात अवयवांचे दर ठरलेले असायचे: उजवा हात गेला तर 600 चांदीची नाणी, डावा गेला तर 500, उजवा पाय 500, डावा 400, आणि डोळा 100, बोटसुद्धा 100. डोळा आणि बोट एका भावात! काळ्या विनोदाला यापेक्षा जास्त काय पायजे.

माझी गोष्ट भिशीसारखी आहे. गलबतावर सात जण, पेटीत 700 नाणी, प्रत्येकाला 100, सगळे खूश. एक जण पाण्यात पडतो (पडतो म्हणजे, पडतोच), सहा जणांत 116 प्रमाणे वाटून 4 उरतात, ती 4 कुणाची यावरून भांडण लागतं, त्यात अजून एक जातो, आता पाच जणांना 140, बरोब्बर, शांतता. चौघांत 175, तेही बरोबर, त्यामुळं पाचवा कशानं गेला हे मी दाखवलंच नाही. तिघांत मात्र 233 आणि 1 उरतं. त्या एका नाण्यासाठी मी पूर्ण 5 पानं दिलीत. तुम्ही आकडे तुमचे घ्या, पण आधी भागाकार करून बघा, बाकी कुठं उरते तिथं मारामारी ठेवायची.

खजिना पुरायचाच असेल तर एवढं लक्षात ठेवा की बहुतेक चाचे लूट बंदरावर उतरल्या उतरल्या उडवून टाकायचे. कॅप्टन किडनं खरंच थोडी पुरली होती, ती सापडली आणि त्याच्याच विरुद्ध पुरावा झाली. 1701 मध्ये लंडनला त्याला फाशी दिली तेव्हा पहिल्यांदा दोरी तुटली, मग परत चढवला. असलं काही आपण रचलं असतं तर लोक म्हणाले असते जास्त होतंय.

मग चित्रं. आधी पूर्ण पुस्तक काडेपेटीएवढ्या चौकोनांत कच्चं काढा, काड्यांची माणसं चालतील, घाई करू नका. मरण कायम पान उलटल्यावर ठेवायचं. आपण डावीकडून उजवीकडं वाचतो, म्हणून उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत फक्त तयारी. माझ्या एका पानावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, वल्हं पुसतोय, कारकून विचारतो "गोविंदा जेवला का?", तांडेल म्हणतो "त्याचं ताट ठेवू नका". पान उलटलं की वहीतलं एक नाव खोडलेलं, बास. रक्त काढायचं नाही, कुणाच्या तोंडावर हसू काढायचं नाही, माणसं जितकी गंभीर तितका वाचक हसतो. मालवणी संवाद टाकणार असाल तर मालवणच्या कुणा मावशीकडनं तपासून घ्या, नाहीतर आपलं कोल्हापुरी मालवणी लगेच पकडतात.

अक्षरांचं जरा नीट ऐका, कारण इथं सगळे मार खातात. संवादाचा फुगा चित्र झाल्यावर काढायचा नाही, आधी मजकूर लिहायचा, मग त्याभोवती फुगा, मग उरलेल्या जागेत माणूस. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, त्यामुळं दोन ओळींत जास्त जागा सोडावी लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. कॉम्प्युटरवर करायचं तर क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, फॉन्टमध्ये बालू आणि मुक्ता दोन्ही फुकट. मी हातानंच लिहिलं, वेळ लागला पण आरडाओरडा करताना अक्षर वाकडं करता येतं.

छपाईला ए फाइव्ह साइज, कडेनं 3 मिलिमीटर जास्तीचं चित्र, आणि सेंटर पिन, म्हणजे घडीवर मधोमध पिना, मारणार असाल तर पानं चारच्या पटीत. हे मला प्रेसमध्ये गेल्यावर कळालं, माझी झालेली 22. प्रेसवाले काका म्हणाले दोन कोरी जातील, चालतंय की. मला काही ते चालेना, रात्रीत त्या दोन पानांवर वहीच्या रेघा मारल्या आणि खाली एकच ओळ लिहिली: शिल्लक 700, हिस्सेदार 0.