कोर्लई किल्ला बघायचाय? मग आधी रेवदंड्याला थांबा

बहुतेक जण कोर्लईला येतात, वर चढतात, तोफेजवळ फोटो काढतात आणि लगेच काशीदला पळतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण नुसता हा किल्ला बघून तो कळतच नाही, त्याचा जोडीदार, रेवदंड्याचा किल्ला, खाडीपलीकडे आहे.

म्हणून अलिबागहून येताना आधी रेवदंड्याला उतरा. तटाजवळून किनाऱ्यावर या आणि दक्षिणेला बघा, डोंगराची एक लांब सोंड समुद्रात घुसलेली दिसेल, तीच कोर्लई. मध्ये कुंडलिकेचं मुख. चौल बंदरात जायचं तर जहाजाला इथूनच आत यावं लागायचं, एवढं डोक्यात पक्कं करा मग पुढचं सगळं सोपं आहे.

तिथेच उभं राहून १५०८ आठवा. पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो याच खाडीत अडकला, समोर इजिप्तच्या ममलुक सुलतानांचं आरमार आणि दीवचा सुभेदार मलिक अयाझ. माघार घेताना त्याचं जहाज मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत फसलं आणि तो तिथेच मारला गेला! पुढे १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी रेवदंड्याला ठाणं बांधलं, पण समोरचा डोंगर त्यांच्याकडे नव्हता आणि खरी गोम तिथेच होती. निजामशाहीने त्या डोंगरावर तटबंदी केली, तोफा चढवल्या, मग रेवदंड्यात सुखाने बसणार कोण? १५९४ ला पोर्तुगीजांनी हल्ला करून डोंगर घेतला. दरवाज्यात हत्ती कोसळला म्हणून दार लावताच आलं नाही असं सांगतात.

आता साळावच्या पुलावरून कोर्लई गावात या. दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या आहेत, चढ फार नाही. वर पोचलात की घाई करू नका. किल्ला लांबलचक आणि अगदी चिंचोळा आहे, मध्ये मध्ये आडव्या भिंती आणि दरवाजे आहेत ते मोजत चला, कारण एक भाग शत्रूने घेतला तरी पुढचा लढवता यावा म्हणून ही सोय. पाण्याचं टाकं आणि छप्पर उडालेलं चर्चही बघून घ्या.

मग उत्तरेचं टोक गाठा, हे चुकवलंत तर येणं फुकट. समोर रेवदंडा, खाली खाडीचं तोंड, म्हणजे आत येणारं जहाज दोन्हीकडच्या तोफांच्या मधून जाणार. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी चौलला, म्हणजे पोर्तुगीजांच्या या रेवदंड्याच्या ठाण्याला, वेढा घातला तरी पोर्तुगीज टिकले, त्यात या जोडीचा वाटा मोठा असं मला वाटतं. शेवटी १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि १७४० च्या तहात चौल-कोर्लई मराठ्यांकडे आलं.

पावसाळ्यात दगड फार निसरडे होतात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, पाणी सोबत ठेवा, तोफांवर चढू नका प्लीज.

उतरल्यावर गावात थोडा वेळ काढा. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली पण इथल्या ख्रिश्चन वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मेळातून तयार झालेली भाषा अजून घराघरात बोलतात. ते लोक तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आमची भाषा.