वाफा एकटीने घेऊ नका

सहकारनगरमधल्या आमच्या सोसायटीमागे एक तुकडा पडीक होता. राडारोडा, गाजर गवत आणि डास. मी निवृत्त झाले त्याच वर्षी हे गेले. पहाटे जाग यायची, पण उठायचं कशासाठी ते कळायचं नाही. एके रविवारी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दार वाजवून हातात खुरपंच दिलं. आज तिथे भाजीच्या वाफ्यांत आम्ही अकरा जण राबतो. तुम्हाला असं काही सुरू करायचं असेल, तर अनुभवाचं सांगते.

वाफा दोघांत एक घ्या. घरच्या कुंड्यांना मी चार-चार दिवस पाणी घालायला विसरायचे. इथे मात्र साडेसहाला काकू फाटकाशी उभ्या असतात, म्हणून जावंच लागतं. मला बरं वाटलं ते आधी या वाट पाहण्यामुळे, भाजी नंतर आली.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रम करायला सांगते. चार दिवस चाळीस-चाळीस मिनिटं खणलं, घमेली वाहिली की तेवढं भरतं. नुसतं झारीने पाणी घालणं त्यात धरू नका. पहिला महिना वीसच मिनिटं करा. दहा मिनिटं कुदळ, मग बसून खुरपणी, असं आलटूनपालटून. गुडघे दुखत असतील तर उकिडवं बसू नका, बुटकं स्टूल घ्या. आम्ही दोन वाफे विटा रचून कमरेइतके उंच केलेत, तिथे सत्तरीचे आजोबाही उभ्याने काम करतात.

मनाचं म्हणाल, तर नेदरलँड्समधला 2011 सालचा एक प्रयोग मला फार पटतो. आधी लोकांना ताण येईल असं काम दिलं, मग अर्धा तास काहींना वाचायला बसवलं, काहींना बागेत पाठवलं. ताणात शरीरात वाढणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक दोन्हीकडे उतरलं, पण बागेतल्यांचं जास्त.

काळजीही घ्या. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी लागते. शेवटची कधी घेतली ते आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारून मगच मातीत हात घाला. मधुमेह असेल तर अनवाणी अजिबात नको, पायाला लागलेलं कळत नाही. माझी साखरेची गोळी सुरूच आहे आणि तुम्हीही आपल्या मनाने बंद करू नका. दमा असलेल्यांनी पाल्याचा ढीग उलटताना मास्क लावावा. गाजर गवत फुलायच्या आत, हातमोजे घालून उपटा, त्याने अंगावर पुरळ उठतं. पाण्याचं पिंप आठवड्यातून एकदा घासून कोरडं करा, नाहीतर डेंग्यूचे डास आपणच पाळल्यासारखं होईल.

सुरुवात मेथी आणि कोथिंबिरीने करा. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, नवख्याला धीर येतो. धने मात्र अख्खे पेरू नका. काकू ते फरशीवर पसरतात आणि चपलेच्या तळव्याने हलकेच रगडतात. कर्र आवाज होऊन एकेका धन्याचे दोन भाग होतात आणि जिन्यापर्यंत वास जातो. मग रात्रभर भिजवून ओळीत पेरायचे, वर बोटाच्या पेराएवढी माती.

आठ-दहा दिवस काहीच दिसत नाही. मी रोज वाकून बघायचे. कोंब दिसला त्या सकाळी काकूंना हाक मारली, तर त्या ओल्या हातांनीच धावत आल्या.