घरची उपकारस्तुती नावानिशी कशी करावी: वही, मंडळी आणि केडगावची वाट

आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत कुणी दवाखान्यातून सुखरूप परतलं, पोरगी बारावी पास झाली, नव्या घराची चावी हातात पडली, की निरोप फिरतो: "रविवारी संध्याकाळी घरी उपकारस्तुती ठेवली आहे, सगळ्यांनी या." मंडळी जमते, पाळकसाहेब वचन वाचतात, दोन गीतं होतात, शिरा आणि चहा होतो. ही रीत मला जिवापाड आवडते. फक्त एक गोष्ट मला पुष्कळ वर्षं सलत होती. प्रार्थनेत आपण "सर्व आशीर्वादांबद्दल आभार" म्हणतो आणि त्या "सर्व" शब्दात एकही आशीर्वाद डोळ्यांपुढे उभा राहत नाही. कुणी केलं, कधी केलं, कुठे केलं, हे आठवलं तरच उपकार आठवला असं मला वाटतं.

म्हणून आमच्या घरी आता वर्षातून एकदा पाच-सहा आठवडे काढून उपकारस्तुती करतो. तिची सुरुवात वहीपासून होते आणि मध्ये एक प्रवास येतो. तुम्हालाही करता येईल. खर्च फार नाही, वेळ मात्र काढावा लागतो.

पहिलं काम: घराचं स्तोत्र लिहायला घ्या

बायबलमधलं 136वं स्तोत्र उघडा. त्यात 26 वचनं आहेत आणि प्रत्येक वचनाच्या शेवटी तेच धृपद येतं: त्याची दया सनातन आहे. धृपदाआधीच्या अर्ध्या ओळीकडे मात्र नीट बघा. तिथे तांबडा समुद्र दुभंगतो, रान ओलांडलं जातं, अमोऱ्यांचा राजा सीहोन आणि बाशानचा राजा ओग अगदी नाव घेऊन येतात. स्तोत्रकर्ता "शत्रूंपासून सोडवलंस" एवढं म्हणून मोकळा होत नाही, कोणत्या शत्रूपासून ते सांगतो.

आपण हेच करायचं. शंभर पानी साधी वही आणा. पानावर 1 ते 26 आकडे घाला. महिनाभर घरातल्या प्रत्येकाने सुचेल तशी ओळ लिहायची. नियम एकच: ओळीत माणूस, जागा किंवा तारीख, यातलं काहीतरी असलंच पाहिजे. "आरोग्याबद्दल आभार" ही ओळ चालणार नाही. "जुलैत आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या दिवशी तिने स्वतः सुईत दोरा ओवला" ही चालेल.

मुलांची अक्षरं आणि चुका दुरुस्त करू नका. माझ्या भाच्याने पहिल्या वर्षी लिहिलं होतं, "पाऊस होता तरी रिक्षावाले काका शाळेबाहेर थांबले." आम्हा मोठ्यांपैकी कुणाला ते ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं आणि तो माणूस पाऊण तास पोराला रिक्षात बसवून थांबला होता. ही ओळ आली नसती तर आम्ही त्याला महिन्याचे पैसे देत राहिलो असतो आणि आभार कधीच मानले नसते.

वडीलधाऱ्यांना लिहायचा कंटाळा असेल तर त्यांनी सांगावं, तुम्ही लिहावं. त्यांच्याच शब्दांत लिहा. माझी आजी "उपकार" म्हणत नसे, "देवानं हात दिला" म्हणायची. वहीत तसंच आहे.

दुसरं: एका संध्याकाळी मोठ्याने वाचा

टीव्ही बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत. एकाने ओळ वाचायची, बाकीच्यांनी एकसुरात म्हणायचं: त्याची दया सनातन आहे. सव्वीस वेळा. चार-पाच ओळींपर्यंत जरा अवघडल्यासारखं होतं. दहाव्या ओळीपाशी आवाज एक होतो आणि कुणाचा तरी गळा दाटतो. तेव्हा थांबा. पुढची ओळ वाचायची घाई करू नका.

वर्ष वाईट गेलं असेल तर

हा भाग मी गाळू शकत नाही. एका वर्षी पप्पा 19 दिवस अतिदक्षता विभागात होते आणि घरी आले नाहीत. त्या दवाखान्यात आम्हाला काय चाललंय ते धड कुणी सांगत नव्हतं, आणि तो राग माझ्या मनात फार दिवस होता. त्या वर्षी वही काढायची माझी इच्छा नव्हती. आईनेच काढली.

प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला पत्रात लिहिलं की सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. "स्थितीत" म्हणाला, "स्थितीबद्दल" नाही म्हणाला. मरणाबद्दल आभार माना असं तो सांगत नाही. मरण दारात असताना त्या दिवसांत कोण आलं ते बघा, एवढा त्याचा अर्थ मी धरला. आईने लिहिलं: "मंडळीतल्या बाया पाळीपाळीने 19 दिवस डबा देत राहिल्या. एकही दिवस चुकला नाही." दुसरी ओळ: "रात्री बाकड्यावर एकटी कधीच नव्हते." पान 26 पर्यंत भरलं नाही, नऊ ओळींवर थांबलं. आम्ही नऊच वाचल्या.

तुमच्या घरी असं वर्ष असेल तर आकडा सोडून द्या. शोक करणाऱ्याला ओळ लिहायला भरीस घालू नका. जवळ बसा. स्तोत्रांच्या पुस्तकात आक्रोशही भरपूर आहे, तोही वाचता येतो.

तिसरं: मंडळीत साक्ष द्या, पण नेमकी

आपल्या चर्चमध्ये कापणीचा सण होत असेल तर वही बाहेर काढून साक्ष द्यायला, म्हणजे देवाने केलेला उपकार सगळ्यांपुढे सांगायला, त्याच्यासारखा दिवस नाही. गावाकडे त्या रविवारी वेदीपुढे बाजरीची कणसं, ज्वारीचं पोतं, मेथीच्या जुड्या, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी अशी रास लागते. उपासना संपली की लिलाव होतो. मला आठवतो तो एक दुधी भोपळा. हातभर लांबीचा, देठाला अजून पान होतं. एका विधवा आजींनी परसातला आणला होता. बाजारात वीस-पंचवीस रुपयांचा तो भोपळा बोली चढत चढत तीनशेवर गेला. घेणाऱ्याने पैसे भरले आणि भोपळा पुन्हा त्याच आजींच्या पिशवीत ठेवला. मंडळी टाळ्या वाजवत होती आणि आजी पदराने चेहरा झाकून हसत होत्या.

कॅथलिक बांधवांकडे हीच गोष्ट वेगळ्या रूपात भेटते. मुंबईचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा करतात, भाताची नवी कणसं चर्चमध्ये आशीर्वादासाठी आणतात. गोव्यात ऑगस्टमध्ये कोणसांचं फेस्त, म्हणजे नव्या कणसांचा सण, येतो. बांद्र्याच्या मोत माउलीच्या (माउंट मेरीच्या) सप्टेंबरमधल्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं वाहतात. ज्या अवयवाचं दुखणं, त्याच अवयवाचा मेणाचा आकार. नेमकेपणा आपल्या लोकांना मुळात ठाऊकच आहे, फक्त प्रार्थनेच्या शब्दांत तो विसरला जातो.

साक्ष द्यायला उभं राहाल तेव्हा दोन मिनिटांत आटपा. एकच ओळ निवडा. ज्याचं नाव घेणार त्याला आधी विचारा. काहींना गुप्त दान गुप्तच ठेवायचं असतं. आणि आपल्या नोकरीची, फ्लॅटची, परदेशाच्या व्हिसाची साक्ष देताना समोर बेरोजगार तरुणही बसला आहे हे ध्यानात असू द्या.

चौथं: प्रवास

विश्वास आपल्यापर्यंत कुणीतरी चालत आणला. त्या वाटेवर एकदा सगळ्या घराने जावं, असं मला मनापासून वाटतं. यरुशलेमेला जाणं सगळ्यांना जमत नाही. केडगावला, पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनला, जाणं जमतं.

आधी एक सावधगिरी: केडगावं दोन आहेत. एक नगरच्या वेशीवरचं. आपल्याला हवं ते पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातलं. पुण्याहून साधारण साठ किलोमीटर, पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव स्टेशन आहे. गाडीने सोलापूर रस्ता धरून यवतच्या पुढे चौफुल्याला वळायचं. मुलं बरोबर असतील तर रेल्वेने जा. पंडिता रमाबाई सांगायच्या तर गाडीच्या खिडकीत बसून सांगणं सोपं पडतं.

निघण्यापूर्वी दारात उभं राहून 121वं स्तोत्र वाचा, पर्वतांकडे डोळे लावणाऱ्याचं. यरुशलेमेकडे चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची 15 गीतं आहेत, 120 ते 134, त्यातलंच हे एक. पायात चप्पल, हातात पिशवी, अशा अवस्थेतच ते वाचायचं.

गाडीत मुलांना रमाबाईंची गोष्ट सांगा, पण तिच्या शेवटापासून नको, सुरुवातीपासून. 1858चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं आणि त्याची किंमत मोजली. सारं कुटुंब तीर्थयात्रा करत देशभर पायी हिंडत राहिलं. दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील आणि मोठी बहीण थोड्या थोड्या अंतराने गेली. पुढे भाऊ गेला. लग्नानंतर दोनच वर्षांत, 1882 मध्ये, पती गेले. पदरात लहानगी मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते पुढे पुण्याला आणलं. मग 1896-97चा दुष्काळ पडला आणि ही बाई मध्य प्रांतात जाऊन भुकेल्या मुलींना गोळा करून केडगावला घेऊन आली. जिचं स्वतःचं घर दुष्काळाने रिकामं केलं होतं, तिने दुष्काळातल्या पोरींनी घर भरलं. इथे गोष्ट थांबवा. मुलं प्रश्न विचारतील.

तिथे गेल्यावर काय करायचं ते आधी ठरवा. मुक्ती मिशनमध्ये आजही स्त्रिया आणि मुलं राहतात, तेव्हा आधी फोन करून परवानगी आणि वेळ घ्या. तिथल्या मुलींचे फोटो काढू नका. जुने कपडे भरून नेऊ नका, काय लागतं ते विचारून नवं न्या. छापखान्याची हकिगत मुलांना जरूर सांगा: रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, साध्या बायांना समजेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर केलं, आणि छपाईचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, जुळवायला बसल्या त्या इथल्याच स्त्रिया. 1921 मध्ये मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल 1924 मध्ये आलं.

आम्ही तिथे झाडाखाली बसून वहीतली शेवटची ओळ लिहितो. ती आपल्या घराबाहेरच्या माणसाबद्दल असते, ज्याला आपण कधी भेटलो नाही त्याच्याबद्दल. एका वर्षी माझ्या बायकोने लिहिलं होतं: "खिळे जुळवणाऱ्या बाईबद्दल, जिचं नाव मला ठाऊक नाही."

एक मुक्काम जमत असेल तर चौफुल्यावरून न्हावरे, शिरूर करत नगरला या. 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशनने इथे काम सुरू केलं. आता शहराचं नाव अहिल्यानगर, पण आमच्या जिभेवरचं नगर काही उतरत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला, तरी त्यांचं आणि लक्ष्मीबाईंचं आयुष्य या भागाशी घट्ट बांधलेलं. ख्रिस्ताची स्तुती अभंग-ओवीच्या चालीत करता येते, हे त्यांच्यामुळे आमच्या रक्तात उतरलं. शनिवारी पोचलात तर रविवारची उपासना इथल्याच एखाद्या चर्चमध्ये करा. अनोळखी बाकावर बसून ओळखीचं गीत गाण्याचा आनंद घ्या. उपासनेनंतर "जय ख्रिस्त, कुठून आलात?" असं कुणीतरी विचारेलच, आणि बहुतेक जेवायलाही नेईल. नाही म्हणू नका.

पाचवं: परत जाऊन आभार माना

लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि एकच परत येतो, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांना परका. "मग ते नऊ कोठे आहेत?" असं येशू विचारतो. वहीतल्या 26 ओळींत जी जिवंत माणसं आहेत त्यांची यादी करा आणि महिनाभरात त्यांच्याकडे जा. मेसेज पाठवून भागवू नका. फार दूर असतील तर फोन करा आणि ती ओळ जशीच्या तशी वाचून दाखवा. रिक्षावाल्या काकांना आम्ही घरी जेवायला बोलावलं. ते मुसलमान, रोजाचे दिवस होते, म्हणून इफ्तारच्या वेळी खजूर आणि फळं मांडली. भाच्याने वहीतलं पान त्यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "अरे, एवढं तर कुणीही करेल."

वही कुठे ठेवायची

कपाटात नको. बायबलमधल्या शमुवेल संदेष्ट्याने मिस्पा आणि शेन यांच्यामध्ये धोंडा उभा केला आणि त्याला एबनेजर नाव दिलं, येथवर परमेश्वराने साहाय्य केलं म्हणून. आपल्याकडे कितीतरी घरांच्या दारावर हे नाव असतं. दगड उघड्यावर होता, येताजाता दिसत होता. वहीही तशीच हाती लागेल अशी ठेवा, घरच्या बायबलशेजारी. प्रवासाची तिकिटं आतल्या पानाला चिकटवा. आणि पेन दोऱ्याने वहीला बांधून टाका. आमच्याकडे पेन शोधण्यात दोन-तीन ओळी विसरल्या गेल्या, त्या अजून आठवलेल्या नाहीत.