सापळ्यातला पतंग गुलाबी बोंडअळीचाच आहे का? ओळखायचं कसं

कपाशीवरची ही अळी गुलाबी असली तरी तिचा पतंग गुलाबी नसतो. तो मातकट, करडा-तपकिरी असतो आणि पंख पसरले तरी जेमतेम १५ ते २० मिलिमीटर भरतो. कामगंध सापळ्यातला (मादीच्या गंधाने नर ओढणाऱ्या सापळ्यातला) प्रत्येक भुरका पतंग बोंडअळीचा धरला, तर फवारणीचा खर्च विनाकारण अंगावर पडतो.

सापळ्याची पिशवी सकाळीच उतरवा. पतंग जिवंत असतील तर ती अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, कारण फडफडताना पंखांवरचे खवले झडतात आणि पट्टे पुसले जातात. मग पांढऱ्या कागदावर मऊ ब्रशने एकेक पतंग वेगळा करून १० पटीच्या भिंगाखाली बघा. चिमट्याने पंख धरू नका.

पुढचे पंख अरुंद, तपकिरी आणि त्यांवर काळपट अस्पष्ट पट्टे. मागचे पंख त्याहून रुंद, चंदेरी-करडे, कडेला लांब केसांची झालर. तोंडापाशी दोन लांब स्पर्शक शिंगांसारखे वर वळलेले असतात. शृंगिकेच्या (डोक्यावरच्या मिशीच्या) बुडाशी पाच-सहा ताठ केस दिसतात. त्यासाठी उजेड बाजूने पडू द्या.

खरा घोळ होतो तो साठवणीतल्या धान्यावरच्या सिटोट्रोगा सेरिअलेला या पतंगामुळे. त्याच्या मादीचा गंध बोंडअळीच्या ल्यूरमधल्या (सापळ्यातल्या गंधाच्या गोळीतल्या) दोन घटकांपैकी एकाशी तंतोतंत जुळतो, म्हणून गोदामाजवळच्या सापळ्यात हेही नर येतात. हा पतंग लहान, गव्हाच्या काडासारखा पिवळसर. मागचा पंख टोकाशी एकदम निमुळता होतो. ठिपक्याची बोंडअळी ओळखणं सोपं: फिकट पंखावर हिरवा पाचरीसारखा पट्टा. अमेरिकन बोंडअळीचा पतंग तर जवळपास दुप्पट मोठा.

गुलाबी बोंडअळी आणि धान्यावरचा पतंग यांचं साम्य उगाच नाही. गुलाबी बोंडअळी (पेक्टिनोफोरा गॉसिपिएला) आणि सिटोट्रोगा दोन्ही गेलेचिइडी कुळातले. कीटकशास्त्रज्ञ सॉन्डर्सने बोंडअळीचं पहिलं वर्णन केलं तेव्हा तिला डिप्रेसारिया प्रजातीत टाकलं होतं. पेक्टिनोफोरा ही वेगळी प्रजाती कीटकशास्त्रज्ञ बस्कने १९१७ मध्ये केली. जुन्या पुस्तकांत प्लॅटिएड्रा गॉसिपिएला दिसलं तर कीड हीच.

हेक्टरी ५ सापळे, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच लावा. ल्यूर पाकिटावरच्या मुदतीत बदला. सापळ्यामागे सलग तीन रात्री दर रात्री ८ किंवा जास्त खात्रीचे नर सापडले, तर एकरभरातून २० हिरवी बोंडं तोडून फोडा. दोनांत जिवंत अळी निघाली की फवारणी करावी अशी नुकसानीची पातळी गाठली.