जुनी पत राखून ऑनलाइन विक्री कशी सुरू करावी

ज्या दुकानदाराने तीस-चाळीस वर्षे ओळखीवर धंदा केला, त्याने ऑनलाइन विक्रीची सुरुवात मोबाइलपासून न करता कोऱ्या कागदापासून करावी. गिऱ्हाईक आपल्याकडेच का येते, याची कारणे त्यावर लिहावीत: चोख माप, पाळलेला शब्द, अडचणीत दिलेली उधारी, कुरकुर न करता बदलून दिलेला माल. यांतली प्रत्येक गोष्ट दुकानात न येणाऱ्या माणसापर्यंत कशी पोहोचवायची, हे ठरवणेच खरे कठीण आहे. मोबाइल चालवायला घरातले कोणीही तरुण शिकवील.

दुकानात माल हाताळून पाहता येतो, फोटोत येत नाही. म्हणून फोटो दिवसाच्या उजेडात काढावा, माप व वजन आकड्यांत द्यावे आणि एखादी खोट असेल तर तीही दाखवावी. ‘पसंत पडले नाही तर परत आणा’ हे तोंडी वचन आता लेखी हवे: किती दिवसांत, कोणत्या स्थितीत आणि परत पाठवण्याचा खर्च कोणाचा. भावाचे गणित अधिक नाजूक आहे, कारण ओळखीच्या माणसाला थोडे सोडण्याची आपली रीत असते आणि ऑनलाइन भाव मात्र सर्वांना सारखाच दिसतो. यादीत एकच भाव ठेवावा. जुन्या गिऱ्हाइकाची सवलत त्याला खासगी संदेशातून कळवावी. उधारी मात्र ऑनलाइन नेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती माणूस पाहून दिली जाते.

सुरुवातीला स्वतंत्र वेबसाइटची गरज नसते. २०१८ मध्ये आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाची यादी, दुकानाच्या वेळा आणि दुकान बंद असताना आपोआप जाणारे उत्तर, एवढी सोय मिळते. ते उत्तर तयार नमुन्यातले न ठेवता, आपण गल्ल्यावर बसून जसे बोलतो तशा शब्दांत लिहावे.

नातवंडांची मदत जरूर घ्यावी, पण खाते, पासवर्ड आणि बँकेला जोडलेला नंबर स्वतःच्याच ताब्यात ठेवावा. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट बनावट असू शकतो, म्हणून रक्कम आपल्या खात्यात दिसल्यावरच माल द्यावा. आपल्या क्यूआर कोडवर दुसऱ्याचा कोड कोणी चिकटवलेला नाही ना, हेही रोज दुकान उघडताना पाहावे. ओळखीच्या माणसादेखत खाते तपासणे अनेकांना अपमानास्पद वाटते. पण त्याच माणसाने दिलेल्या नोटा आपण इतकी वर्षे त्याच्यासमोरच मोजून घेत आलो आहोत.