विमान बे वर (पार्किंगच्या जागी), केबिनमध्ये धूर: नव्या क्रूसाठी

केबिन क्रूच्या ट्रेनिंगला बसलेली मुलं-मुली धुराचा धडा आला की हवेतल्या प्रसंगाचीच चिंता करतात. जमिनीवर काय, दार उघडलं की सुटलो, असा हिशेब असतो. १९ ऑगस्ट १९८० रोजी रियाधला सौदिया कंपनीचं, आत आग लागलेलं लॉकहीड ट्रायस्टार विमान धडपणे उतरलं, टॅक्सी करत थांबलंही, पण आतून एकही दार उघडलं गेलं नाही. ३०१ पैकी कोणीही वाचलं नाही. जमिनीवर घात होतो तो निर्णय लांबला की.

पण निर्णय घ्यायचा तर आधी तो धूर आहे का, हे कळायला हवं. मुंबईच्या पावसाळ्यात बोर्डिंग सुरू असताना वरच्या फटींतून पांढरे लोट येतात आणि कोणीतरी ओरडतं. बहुतेक वेळा ती दमट हवेत गार एसीने झालेली वाफ असते. हात धरून बघा. गारवा लागतो, वास नसतो आणि फटीपासून वीतभर अंतरावर लोट विरून जातो. धूर विरत नाही, छताला साचतो, डोळे चुरचुरतात. टॅक्सीवेवर रांगेत असताना रॉकेलसारखा वास आला तर अनेकदा तो पुढच्या विमानाचा एक्झॉस्ट असतो, अंतर वाढलं की कमी होतो. कुबट मोज्यांसारखा वास इंजिन ऑइलची शंका दाखवतो. जळक्या वायरचा किंवा प्लास्टिकचा वास मात्र धूर दिसत नसला तरी गंभीर धरायचा.

इंटरफोनवर नुसतं ‘धूर येतोय’ सांगून कॅप्टनला काही उमजत नाही. ‘चौदावी रांग, डावीकडे, खिडकीखालून, करडा, प्लास्टिक जळल्याचा वास, वाढतोय’ असं सांगा. जागा, रंग, वास, वाढतोय की घटतोय.

आता दारं, कारण नवशिक्यांचा गोंधळ होतो तो इथेच. बोर्डिंगच्या वेळी दारं डिसआर्म असतात, म्हणजे दार उघडलं तरी फुगणारी घसरगुंडी (स्लाइड) बाहेर येत नाही; आर्म केलं की येते. एरोब्रिज लागलेला असेल आणि धूर थोडा, तोही मागच्या बाजूला असेल, तर सगळ्यांना पुढून चालत बाहेर काढणं सर्वांत सुरक्षित. स्लाइडवर हातपाय मोडतात, त्यामुळे गरज नसताना ती वापरू नये. पण धूर पुढच्या गॅलीत (विमानातल्या स्वयंपाकघरात) असेल तर एरोब्रिजचा उपयोग नाही. मग मागचं दार आधी आर्म करायचं, खिडकीतून बाहेर बघायचं आणि मगच उघडायचं. घाईत डिसआर्म दार उघडलं तर स्लाइड येत नाही आणि ए३२० च्या दारातून खाली साधारण ११ फुटांचा खड्डा उरतो. उजव्या दाराला केटरिंगची गाडी चिकटलेली असेल तर ते दार बादच समजा. रिमोट बे वर (एरोब्रिज नसलेल्या, दूरच्या जागी) शिडी कुठे आहे, गाड्या कुठे उभ्या आहेत, हे बोर्डिंग सुरू होण्याआधी दारातून डोकावून बघून ठेवावं. प्रवासी आत असताना इंधन भरणं चालू असेल तर पट्टे सोडून बसा असं सांगतात ते पटकन बाहेर पडता यावं याचसाठी. आयलमध्ये (सीटांमधल्या वाटेत) ट्रॉली ठेवायची नाही.

इंजिनं सुरू असतील तर कॅप्टनच्या आदेशाची वाट बघायची. मात्र धूर दाटतोय, आग दिसतेय आणि कॉकपिटकडून उत्तर नाही, अशा वेळी क्रूला स्वतः सुरुवात करायचा अधिकार असतो. तुमच्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये ते नेमके कोणत्या शब्दांत लिहिलंय ते पाठ हवं. दारातून बाहेर आग, सांडलेलं इंधन किंवा फिरतं इंजिन दिसलं तर ते दार बंद ठेवून लोकांना दुसरीकडे वळवा. स्लाइड आपोआप फुगली नाही तर लाल हँडल ओढा.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या पेटलेल्या ए३५० च्या ८ दारांपैकी ३च वापरता आली, पीए (केबिनमधला लाउडस्पीकर) बंद पडला, क्रूने मेगाफोन वापरला आणि ३७९ जण बाहेर आले. बॅगा मागे राहिल्या हा त्यातला मोठा भाग. आपल्याकडे विमान थांबताच लोक उभे राहून वरचे कप्पे उघडतात, त्यामुळे ‘काका, बॅग सोडा, पुढे व्हा!’ हे दरडावूनच म्हणावं लागतं. तिथे अदब कामाची नाही.

धुरात शिरण्यापूर्वी पीबीई हूड (धुरात श्वास घेता येईल असं डोक्यावरचं आवरण) घाला. तो साधारण १५ मिनिटं चालतो. घट्ट अंबाडा असला की हूड डोक्यावरून उतरत नाही आणि केसांची बट मानेच्या रबरात अडकली तर धूर आत येतो. सराव अंबाड्यासकटच करा. टॉयलेटचं दार हाताच्या मागच्या बाजूने चाचपा. गरम असेल तर सताड उघडू नका, नळी जाईल एवढीच फट करून हॅलॉन (आग विझवणारा वायू) सोडा. ऑक्सिजन मास्क पाडायचे नाहीत. त्यात केबिनची धुराची हवा मिसळते आणि ऑक्सिजन आगीला बळ देतो.

पॉवर बँक पेटली तर हॅलॉनने ज्वाळा विझते, पण आतली रासायनिक क्रिया थांबत नाही, ती पुन्हा पेटते. म्हणून लगेच भरपूर पाणी ओता. बर्फ नको, वर ब्लँकेट टाकणंही नको, कारण उष्णता कोंडते. फोन सीटच्या यंत्रणेत अडकला असेल तर सीट हलवू देऊ नका, तो चिरडतो.

बाहेर पडल्यावर वारा येतो त्या बाजूला, विमानापासून लांब न्या. मुंबईत पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येकडून असतो आणि विमानं बहुधा २७ नंबर रनवेवर पश्चिमेकडे तोंड करून उतरतात, त्यामुळे रनवेवर थांबलेल्या विमानाचा धूर शेपटीकडे जातो. लोकांना नाकाच्या बाजूला जमवा, फायर टेंडरची वाट मोकळी ठेवा. १९८५ साली मँचेस्टरला ब्रिटिश एअरटूर्सचं पेटलेलं ७३७ विमान रनवेवरून वळलं आणि वाऱ्याने आग थेट विमानाच्या अंगावर आली. ५५ जण गेले, बहुतेक धुराने. सिगारेट कोणाला पेटवू देऊ नका. मोजणी करा. धूर विरला तरी खोकला किंवा डोकेदुखी असलेल्यांना, क्रूसकट, आधी डॉक्टरकडे पाठवा.