शेवटच्या फेरीआधी ड्रॉ परवडतो का, कसं बघाल?

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाच्या स्विस स्पर्धेत (कोणी बाद होत नाही, दर फेरीत साधारण सारख्या गुणांचे समोरासमोर येतात) शेवटची फेरी खेळायची की आपसात ठरवून ड्रॉ म्हणजे बरोबरी घ्यायची, हे बरेच जण अंदाजानेच ठरवतात. विजयाला ३ गुण, ड्रॉला १. हिशोब दोन मिनिटांचा आहे.

१. क्रमवारी लागली की आपल्या गुणांत १ मिळवा.
२. तुमच्या खाली असलेली जी टेबलं जिंकणाऱ्याला त्या आकड्यापुढे नेतील, ती मोजा. एका टेबलावरून एकच जण वर जातो. माणसं मोजलीत तर उगाच घाबराल.
३. त्यात आधीच पुढे असलेले मिळवा.

समजा, पाच फेऱ्या, टॉप ८ (म्हणजे पहिले आठ पुढे जाणार). तुमचे आणि समोरच्याचे १०-१० गुण, १२ वर दोघं, ९ वाल्यांची चार टेबलं. ड्रॉ केलात तर पुढे जास्तीत जास्त सहाच, म्हणजे तुम्ही दोघंही आत. टेबलं पाच असली तर आठव्या जागेसाठी तुमच्या दोघांतच चुरस. तिथे आधी पाहतात तुमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयाची सरासरी टक्केवारी. कोणी कितीही हरला तरी त्याचे ३३ टक्के धरतात आणि बायची (प्रतिस्पर्धी नसल्याने न खेळता जिंकलेली) फेरी यात मोजत नाहीत. पहिल्या फेरीत हरवलेला गडी पुढे जिंकत राहिला तर फायदा तुमचाच, तेव्हा त्याच्या टेबलाकडेही नजर असू द्या.

ड्रॉ सुचवायला हरकत नाही, पण त्याच्या बदल्यात बक्षिसातला वाटा किंवा कार्ड देऊ केलंत तर ती लाच ठरते आणि थेट बाद करतात.